वैनगंगेकाठची वनबाग

बालाघाट हे नाव ऐकले की महाराष्ट्रातील वाचकाच्या मनापुढे प्रथम बीड-धाराशिवकडील डोंगरांची रांग उभी राहते. आम्ही ज्याविषयी लिहीत आहो ते बालाघाट निराळे. ते मध्यप्रदेशात आहे. गोंदियाच्या उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटरांवर, वैनगंगेच्या डाव्या तीरावर. १८६७ साली भंडारा, शिवनी व मंडला या जिल्ह्यांचे काही भाग एकत्र करून हा जिल्हा बनविण्यात आला. ज्या गावी त्याचे ठाणे झाले त्या गावाचे जुने नाव बूढा. घाटावरचा मुलूख म्हणून जिल्ह्याला बालाघाट हे नाव पडले आणि कालांतराने गावानेही तेच धारण केले.

हा प्रदेश आपल्याला वाटतो तितका परका नाही. नागपूर प्रांताच्या दिवसांत बालाघाट व भंडारा ही शेजारघरे होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, तेव्हा नागपूर, भंडारा, चांदा हे जिल्हे मुंबई राज्यात आले आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिले. सीमेची रेघ ओढली गेली, पण सोयरिकी तुटल्या नाहीत. आजही गोंदियाहून निघालेल्या गाडीच्या डब्यात मराठी, हिंदी आणि पोवारी या तिन्ही बोली एकाच बाकावर बसलेल्या आढळतात. बाघ नदीचा पूल ओलांडला की राज्य बदलते. धानाच्या बांध्या मात्र तशाच पुढे चालू राहतात. पूर्वी या मार्गावर अडीच फुटी रुळांची छोटी गाडी धावत असे व जबलपूरपर्यंत जावयास तिला पुष्कळ वेळ लागे. आता रुंद रूळ झाले आहेत. प्रवास लवकर संपतो, त्यामुळे दोन्ही बाजूंची शेते न्याहाळावयाची असतील तर खिडकीची जागा आधीच धरावी लागते. या भागातील चिनोर तांदळाचा सुवास भंडारा-गोंदियाच्या घरांना ठाऊक आहेच. २०२१ साली बालाघाटच्या चिनोरला भौगोलिक मानांकन मिळाले.

बालाघाट नगराहून वारासिवनीच्या रस्त्याला लागावे, वैनगंगेचा पूल ओलांडावा, म्हणजे गर्रा हे गाव येते. येथे वनखात्याचे वनस्पतिउद्यान आहे. तेच पाहावयास आम्ही गेलो होतो.

वनस्पतिउद्यान म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना मुंबईची राणीची बाग किंवा पुण्याची एम्प्रेस गार्डन आठवते. तेथे देशोदेशींची झाडे आणून लावलेली असतात आणि दूरच्या मुलखातले दुर्मीळ झाड पाहावयास मिळाले याचा पाहणाऱ्याला आनंद होतो. बालाघाटासारख्या ठिकाणी बागेचा हेतू उलटा असावा लागतो. येथे दाखवावयाचे ते दूरचे नव्हेच. येथे दाखवावयाचे ते घराच्या मागे आहे, आजोबांच्या बोलण्यात आहे, बाजारात चिंचोक्याबरोबर मापून विकले जाते ते. बालाघाट जिल्ह्याचे क्षेत्र सव्वानऊ हजार चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे आणि त्यातील निम्म्याहून अधिक भाग आजही वनाच्छादित आहे. कान्हाच्या प्रसिद्ध राष्ट्रीय उद्यानाचा एक भाग याच जिल्ह्यात मोडतो व त्याचे मुक्की हे प्रवेशद्वार बैहर तालुक्यात आहे. ज्या जिल्ह्यात एवढे रान आहे त्याने कुंपण घालून रानातील झाडांची बाग कशासाठी ठेवावी, असा प्रश्न आमच्या बरोबरच्या एका मित्राने वाटेतच विचारला. नदीला हौद कशाला, असे त्याचे म्हणणे.

त्याचे उत्तर आम्हांला बागेत एका सावलीच्या जागी मिळाले. गोंदियाकडील एक वृद्ध बाई आपल्या नातवाला घेऊन आल्या होत्या. मुलगा आठ-नऊ वर्षांचा, इंग्रजी शाळेत जाणारा, हुशार. वाटेत लागलेली गुलमोहर, अशोक, नारळ ही झाडे त्याने न चुकता ओळखली होती. पुढे एका उंच झाडाशी तो थांबला. झाडाची साल काळसर, चौकोनी चौकोनी तडकलेली, मगरीच्या पाठीसारखी. त्याने आजीला विचारले, हे कोणते? आजीने पाटीकडे पाहिलेदेखील नाही. सालीवर हात ठेवला आणि म्हणाली, "हा येन होय बापू! तुझ्या पणज्याच्या घराचे फाटे याचेच होते." मग तिने या झाडाच्या पानांवर कोशाचे किडे कसे पोसतात, त्यांच्या कोशांपासून टसर कसे निघते, ते सांगितले. आम्ही थोडे दूर उभे राहून ऐकत होतो. नातवाला पणज्याचे घर ठाऊक नव्हते, पण सांगणाऱ्या आजीचे तोंड तो मोठ्या नवलाने पाहत होता.

ज्याला विदर्भात येन म्हणतात त्यालाच कोकणात ऐन म्हणतात आणि बालाघाटात साजा. गोंड व बैगा लोकांच्या दृष्टीने हे झाड पवित्र आहे. त्यांचा बडा देव साजाच्या झाडी राहतो, म्हणून पूजेचे स्थान या झाडाखाली असते. त्याचा आणखी एक गुण जंगलातल्या जुन्या माणसांना ठाऊक असतो. भर उन्हाळ्यात काही साजांच्या खोडात पाणी साठलेले असते. सालीवर फुगवटा दिसला की जाणता माणूस तेथे कुऱ्हाडीचा हलका घाव घालतो आणि पाण्याची धार लागते. प्रत्येक झाडात ते नसते. कोणत्या झाडात असते हे ओळखण्याची विद्या पुस्तकातून येत नाही. ती बरोबर हिंडून येते.

आमच्या मित्राला आम्ही म्हणालो, नदी आहे हे खरे, पण नदीवर पाणी भरावयास जाणारी माणसे आता कमी झाली आहेत. गावे सोडून घरे बालाघाटास, गोंदियास, नागपुरास आली. रानात जाणे तर अनेकांना बंदच आहे. जे अभयारण्य झाले तेथे जीपगाडीत बसून वाघ पाहता येतो, खाली उतरून झाडाच्या सालीला हात लावता येत नाही. मग मुलाने येन ओळखावा तरी कोठे? ज्या एका पिढीला नावे ठाऊक आहेत ती आज सत्तरीच्या पुढे आहे. पुढची पिढी ही नावे घेईल की नाही, याचा निकाल येत्या दहा-वीस वर्षांत लागावयाचा आहे. अशा वेळी आजी आणि नातू यांना एका झाडाखाली आणून उभे करणारी जागा हवी, आणि ती बाग करू शकते. हे काम पाटी एकटी करू शकत नाही, हे मात्र आम्ही मुद्दाम नमूद करतो. पाटीवर शास्त्रीय नाव, कुळ, उपयोग हे सर्व लिहिता येते. पण पाटी वाचून पुढे गेलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी विचारून पाहावे, काय आठवते ते.

देशी झाडांची बाग करणे हे वाटते तितके सोपे काम नाही, आणि याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे साल. या झाडाला येथे सरई असेही म्हणतात. वसई-कुलाब्याकडील वाचकाने साल बहुधा पाहिलेला नसतो, कारण सह्याद्रीच्या रानात तो नाही. आपला ओळखीचा तो साग. बालाघाटची मौज अशी की साग आणि साल या दोन मोठ्या वनांची येथे गाठ पडते. दक्षिणेकडून व पश्चिमेकडून सागाची राने येतात, पूर्वेकडून सालाची, आणि बैहरच्या पठाराकडे चढू लागले की सागाचे राज्य संपून सालाचे सुरू होते. सागवान उन्हाळ्यात उघडे-बोडके उभे असते. साल मात्र कधी पुरता निष्पर्ण होत नाही. जुनी पाने गळतात न गळतात तोच नवी कोवळी तांबूस पालवी फुटते. चैत्रात फिक्या पिवळसर फुलांचे तुरे येतात, तेव्हा सालवनात शिरणाऱ्याला मंद सुवास लागतो.

अशा झाडाची बागेत एक रांग लावावी असे कोणालाही वाटेल. पण सालाचे बीज फार मानी आहे. ते पाच पंखांचे असते. ज्येष्ठात, मृगाच्या आगेमागे, ते पिकून वाऱ्याबरोबर भिरभिरत खाली येते आणि जमिनीवर पडल्यापासून सुमारे आठवडाभरच जिवंत राहते. त्या आठवड्यात पाऊस पडला आणि माती ओली मिळाली तर ते रुजते. पाऊस लांबला तर सारे बीज फुकट जाते. सागाच्या बियांची गोष्ट याच्या नेमकी उलट. त्या कठीण कवचाच्या असतात, भिजवाव्या लागतात, वाळवाव्या लागतात, आणि वर्षभर ठेवल्या तरी रुसत नाहीत. यास्तव रोपवाटिकेच्या माळ्याला साग फार आवडतो. साग, सुबाभूळ, नीलगिरी यांची बियाणी पोत्यात भरून ठेवावीत, सवडीने पेरावीत. साल सवड देत नाही.

बरे, रुजले म्हणजे काम झाले असेही नाही. सालाचे लहान रोप पहिली काही वर्षे दर उन्हाळ्यात वरून मरते. हिवाळ्याचा कडाका, चरणारी गुरे, वणवा, उन्हाळ्याचा ताप, काही ना काही कारणाने कोंब वाळून जातो. पाहणारा म्हणतो, रोप गेले. पण मातीखाली मूळ जिवंत असते आणि ते दरवर्षी थोडे जाड, थोडे खोल होत असते. पावसाळ्यात पुन्हा कोंब येतो, पुन्हा वाळतो. पाच वर्षे, दहा वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ असा जातो. आणि मग एका वर्षी मुळाला पुरेसे बळ आले म्हणजे जो कोंब वर येतो तो मागे फिरत नाही. जुन्या वनाधिकाऱ्यांनी ही गोष्ट नीट टिपून ठेवलेली आहे. दोन वर्षांत हिरवी बाग उभी करून दाखविण्याची ज्याला घाई आहे, त्याने सालाच्या वाटेस जाऊ नये. असे खोल मूळ असलेले रोप उपटून दुसरीकडे लावणेही अवघड. ते जेथे हवे तेथेच बीज पेरावे लागते.

मोठ्या सालालाही वैरी आहे. १९९६ ते १९९९ या वर्षांत मध्यप्रदेशातील सालवनांवर एका भुंगेऱ्याची धाड आली. त्याची मादी सालीच्या फटीत अंडी घालते, अळ्या खोडात शिरून आतून लाकूड पोखरतात आणि झाडाच्या बुंध्याशी भुशाचे ढीग साचू लागतात. त्या साथीत लाखो झाडे तोडावी लागली. या किड्याला पकडण्याची युक्ती मोठी गमतीची आहे. सालाचे ताजे ओंडके तोडून त्यांची साल ठेचून ठेवतात. रसाच्या वासाने भुंगेरे दूरवरून येतात, रस पिऊन सुस्त होतात, आणि गावकरी ते वेचून आणतात. वेचलेल्या भुंगेऱ्यांचे पैसे मोजून दिले जातात. पावसाळ्याच्या आरंभी हे काम चाले आणि आदिवासी घरांतील मुलेसुद्धा त्यात पटाईत झाली. किड्याला दारू पाजून धरण्याचा हा उद्योग ऐकून आमचा मित्र खूप हसला. तथापि रसायने फवारण्याहून तो कितीतरी शहाणपणाचा आहे, हे त्यानेही मान्य केले.

सालाविषयी आम्ही इतके लिहिले, आता मोह, चार व तेंदू यांच्याविषयी थोडक्यात. मोहाची फुले चैत्रात पहाटे गळतात. ती वेचावयास बाया-मुले उजाडण्यापूर्वी झाडाखाली जातात. फुले वाळवून खातात, त्यांची दारूही काढतात, आणि पुढे टोळंबीचे तेल निघते. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची रीत आहे, आणि तीच आग कित्येकदा वणवा होऊन पसरते. चार म्हणजे ज्याची चारोळी आपण श्रीखंडात घालतो ते झाड. भाव चांगला येतो, म्हणून दुसऱ्याने तोडण्याच्या आत आपण तोडावी या घाईने लोक फळ कच्चे असतानाच फांद्या छाटतात. मग पुढल्या वर्षी झाड काय देणार? तेंदूचे, म्हणजे आपल्या टेंभुर्णीचे, पान विडीसाठी वैशाखात तोडतात. मध्यप्रदेशात पन्नास पानांची एक गड्डी आणि हजार गड्ड्यांचे एक प्रमाण पोते असा हिशेब असतो. म्हणजे एका पोत्यात पन्नास हजार पाने, आणि प्रत्येक पान कोणाच्या तरी हाताने खुडलेले. १९६४ साली या राज्याने कायदा करून तेंदूपानाचा व्यापार आपल्या हाती घेतला. या झाडांची नावे अजून कोणी विसरलेले नाही, कारण त्यांना भाव आहे. ज्यांना बाजारात भाव नाही त्यांची नावे प्रथम पुसली जातात. कळंब, हेदू, रोहन, लेंडिया, भिरा, तिवस ही नावे आम्ही आमच्या मंडळींत घेऊन पाहिली. दोघांना कळंब आठवला, एकाला तिवस. बाकीच्यांविषयी सर्वजण मुकाट राहिले.

कुल्लू हे झाड आम्हांला फार आवडते. विदर्भात त्याला कांडोळ म्हणतात. त्याची साल कागदासारखी पातळ व पांढरीशुभ्र असते. चांदण्या रात्री डोंगरउतारावर ते भुतासारखे उभे दिसते, म्हणून काही लोक त्याला भुताचे झाड म्हणतात. त्याचा डिंक मोलाचा, आणि त्या डिंकापायीच त्याचा घात झाला. खोल खाचा पाडून डिंक काढला की झाड लवकर मरते. म्हणून अशा झाडाला बागेत तरी निर्भय जागा असावी.

देशी झाडांचा कैवार घेताना काही मंडळी परक्या झाडांवर दात धरतात, तसा आमचा विचार नाही. ज्या गुलमोहराची फुले पाहून मुलांना मे महिन्याची सुटी आठवते तो मादागास्करचा. मिरची, काजू, अननस, पेरू ही सारी अमेरिकेकडून जहाजांनी आली आणि आपल्या घरची झाली. इतकेच काय, आपल्या दफनभूमीत थडग्यांवर शुभ्र फुले ढाळणारा चाफा, ज्याला आपण खुरचाफा म्हणतो, तोही मूळचा मेक्सिकोकडचा. त्याला तेथून उपटून टाकावे असे कोणीही म्हणणार नाही. परंतु घाणेरीची गोष्ट वेगळी. तीही अमेरिकेतून शोभेचे झुडूप म्हणून आली आणि आज मध्य भारताच्या रानात अशी माजली आहे की तिच्या जाळीखाली गवत उगवत नाही आणि गवताविना हरीण राहत नाही. पाहुणा आणि घुसखोर यांतला हा भेद मुलांना झाड दाखवूनच समजावता येतो.

झाडांची नावे गोळा करणे हे आपल्या धर्मबांधवांना काही नवे काम नाही. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात त्याने गोव्याच्या व दख्खनच्या लोकांच्या तोंडची नावे नोंदली. आपल्या काळाच्या जवळचे नाव म्हणजे फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव. हे येशूसंघीय धर्मगुरू स्पेनमध्ये १९०३ साली जन्मले व मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकविले. खंडाळ्याच्या डोंगरांत वर्षानुवर्षे पायी हिंडून त्यांनी तेथील वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. १९५४ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची पुनर्रचना झाली, तेव्हा ते तिचे प्रमुख वनस्पतिशास्त्रज्ञ व पुढे संचालक झाले. १९६७ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. १९७० साली मुंबईतच त्यांचे देहावसान झाले. एवढा मोठा पंडित, पण सामान्य माणसासाठी त्यांनी आपल्याकडील नेहमीच्या झाडांवर एक लहानसे पुस्तक लिहिले आणि ते नॅशनल बुक ट्रस्टने १९६६ साली काढले. रस्त्याने जाणाऱ्याला सावली देणाऱ्या झाडाचे नाव ठाऊक असावे, एवढीच त्याची अपेक्षा. बालाघाटच्या बागेत हिंडताना आम्हांला त्या पुस्तकाची फार आठवण झाली.

पंडितांच्या नावांबरोबर दुसरीही नावे हवीत. बालाघाट, मंडला व दिंडोरी या मुलखात बैगा राहतात. धरणी ही आई आहे, तिच्या छातीवर नांगर चालवू नये, अशी त्यांची श्रद्धा. झाडे-झुडपे तोडून, जाळून, राखेत बी फेकावयाचे व काही वर्षांनी ती जागा सोडून द्यावयाची, या त्यांच्या शेतीला बेवर म्हणतात. इंग्रज सरकारने रानाच्या रक्षणासाठी तिला बंदी केली आणि १८९० साली मंडल्यातील एका टापूपुरती मोकळीक ठेवली, तो बैगाचक. वेरिअर एल्विन व त्यांचे मराठी सहकारी शामराव हिवाळे १९३२ पासून त्या भागात राहिले. १९३९ साली एल्विन यांनी बैगांवरील आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे कान्हाचे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि वाघांसाठी आतील गावे उठविण्यात आली. वाघ वाचले, ही आनंदाची गोष्ट. पण रानातील कंदमुळे, औषधे व त्यांची नावे ज्यांना मुखोद्गत होती, त्यांची घरे रानाबाहेर आली, आणि त्यांची मुले ती विद्या कोठे शिकणार याचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही.

येथे लहरीबाईंचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. शेजारच्या दिंडोरी जिल्ह्यातील सिलपडी गावच्या या बैगा तरुणीने कोदो, कुटकी, सांवा अशा भरड धान्यांची दीडशेहून अधिक वाणे आपल्या मातीच्या घरात जपून ठेवली आहेत. ती बी गावोगाव वाटते, पीक आले की थोडे परत घेते व पुन्हा साठविते. २०२३ साली तिचे नाव देशभर झाले. तिच्या घराला कुंपण नाही, फाटक नाही, तिकीट नाही. आमच्या मते तेही एक वनस्पतिउद्यानच आहे, आणि मोठ्या बागांनी तिच्याकडून पुष्कळ शिकण्यासारखे आहे. पाटी लिहिणाऱ्याने बैगा वैद्याला एक दिवस बागेत बोलवावे, त्याच्या मागोमाग हिंडावे, तो काय म्हणतो ते ऐकावे आणि पाटीवर लॅटिन नावाच्या खाली त्याने सांगितलेले नाव लिहावे. याला काही मोठा खर्च नाही.

ज्यांना जावयाचे असेल त्यांच्यासाठी चार शब्द. गोंदियापर्यंत महाराष्ट्रातून गाड्या आहेत. तेथून बालाघाट तासा-दीड तासाचे. फुले पाहावयाची तर मार्च-एप्रिल बरा. ऊन चढण्यापूर्वी, सकाळीच बागेत जावे. एकट्या मुलांना धाडू नये. घरात कोणी रान पाहिलेले वडीलधारे असतील तर त्यांना बरोबर घ्यावे, गुडघे दुखत असले तरी. बसावयास सावली मिळते. मुलांच्या हाती एक वही द्यावी व झाडाचे आजी-आजोबांनी सांगितलेले नाव डाव्या बाजूस, पाटीवरचे उजव्या बाजूस असे लिहावयास सांगावे. आमच्या वहीत त्या दिवशी एकवीस नावे झाली. त्यांपैकी सात डाव्या बाजूसच राहिली, कारण उजवीकडे लिहावे असे काही आम्हांला मिळाले नाही.

बागेत मन भरले नाही तर दुसऱ्या दिवशी बैहरच्या रस्त्याने जावे. वाटेत गांगुलपाऱ्याचा तलाव व धबधबा लागतो. त्यापुढे घाट चढल्यावर सालाची राने सुरू होतात. बागेत एकेकटी ओळखलेली झाडे तेथे घोळक्याने भेटतात. भंडारा-गोंदियाकडील ज्या शाळांना स्वतःच्या आवारात सालाचे एखादे झाड असावे असे वाटते, त्यांनी जूनचा पहिला आठवडा राखून ठेवावा आणि रस्त्याकडेला पडलेले ताजे बी वनरक्षकाला विचारून उचलावे. जागा आधी खणून तयार ठेवावी आणि घरी पोहोचल्याच्या दिवशीच बी मातीत घालावे.